पानांचा अर्क आणि कर्करोगाच्या पेशी : एक प्रस्तावना

रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलावर आज जगात कुठेही उपचार सुरू झाले, तरी पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांत व्हिन्क्रिस्टिन बहुधा असतेच. हे औषध सदाफुलीच्या पानांतून मिळते. वर्ध्यात सदाफुली लावा म्हणून कुणाला सांगावे लागत नाही. अंगणात, विहिरीच्या काठाला, शाळेच्या भिंतीलगत ती आपोआप उगवते, शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, आणि मे महिन्यात बाकी सगळे करपले तरी ती फुलत राहते. औषधी वनस्पतींच्या पानांचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासण्याच्या या विषयात जो नव्याने येतो, त्याला मी आधी सदाफुलीची हकीकत सांगतो. या विषयातली आशा आणि या विषयातली शिस्त, दोन्ही तिच्यात एकत्र सापडतात.

१९५०च्या दशकात जमैकामध्ये मधुमेहाचे रुग्ण सदाफुलीच्या पानांचा चहा घेत असत. त्यातली काही पाने कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली आणि त्यांनी ती आपले संशोधक बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली. उंदरांना अर्क पाजला तर रक्तातली साखर हलली नाही. मग तो टोचून पाहिला. साखर तरीही हलली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. का मरतात हे पाहिले, तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या होत्या आणि अस्थिमज्जा सुकत चालली होती. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रोगावर याचा उपयोग होईल का, हा प्रश्न तिथे जन्माला आला. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ पर्यंत पानांतून व्हिन्ब्लास्टिन वेगळे केले. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीतही सदाफुलीवर स्वतंत्रपणे काम चालू होते, आणि तिथून व्हिन्क्रिस्टिन पुढे आले. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी लागणारी वाळलेली पाने शेकडो किलोंत मोजावी लागतात.

या हकीकतीत लोकांचे ज्ञान खोटे ठरले असे नाही आणि खरे ठरले असेही नाही. लोकांनी पानाकडे बोट दाखवले. त्या पानात काय आहे, ते कशावर चालते आणि किती मात्रेत चालते, हे मात्र वेगळ्या मार्गाने शोधावे लागले. आपले काम या दुसऱ्या भागातले आहे. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात वाढवलेल्या पेशी अर्काने मेल्या, तर त्यातून एक प्रश्न तयार होतो. तो प्रश्न चांगला, नेमका आणि पुढच्या माणसाला उचलता येईल असा करणे, एवढीच या चाचणीची कामगिरी आहे, आणि ती मोठी आहे. या प्रस्तावनेत मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

वर्धा जिल्हा या कामाला फार सोयीचा आहे. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे आणि जिल्ह्यातल्या कर्करोगाची नोंदणी तिथून होते. सावंगी मेघेला वैद्यकीय आणि दंत महाविद्यालये आहेत, सालोड हिरापूरला आयुर्वेद महाविद्यालय आहे, बोरगाव मेघेला औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. रुग्ण, वैद्य, रसायन जाणणारा आणि दंतशल्यचिकित्सक एकमेकांपासून इतक्या जवळ असणे मोठ्या शहरांतही सहसा जमत नाही. उत्तरेला सेलूच्या बाजूने बोरचे जंगल आहे. धाम, वेणा आणि वर्धा या नद्यांच्या काठी निरगुडी, करंज, अडुळसा, रुई आहे. पावसाळ्यात बांधाबांधावर तरोटा माजतो. आणि दुर्दैवाने रोगही आहे. विदर्भात खर्रा चघळणाऱ्या माणसाला शोधावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला तो खर्रा पानठेल्यावर शाळकरी पोरांच्याही हाती पडतो. त्याची किंमत तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात चुकवावी लागते. आपल्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला हा विषय पुस्तकी वाटत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या विद्येचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि वाढतच राहिल्या. त्याच हेला पेशी. त्या घेताना हेन्रिएटांना कुणी विचारले नव्हते, आणि ती गोष्ट विसरून त्या पेशी वापरू नयेत. याच जॉर्ज गाय यांच्याकडे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. मायदेशी परतल्यावर डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभारलेल्या मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, १९६०च्या दशकात, त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा सुरू केली. १९८६ साली पुण्यात पेशींचे राष्ट्रीय भांडार सुरू झाले. आज ते राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणून ओळखले जाते, आणि वर्ध्यातल्या विद्यार्थ्याच्या हाती येणारी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत ठेवलेल्या पेशींचा वाण, बहुधा तिथूनच आलेली असते.

आता कामाकडे वळू. ते जंगलात किंवा बांधावर सुरू होते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. एकाच नावाने वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. शंखपुष्पी म्हणून बाजारात मिळणाऱ्या वनस्पती तीन तरी वेगळ्या कुळांतल्या आहेत. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, तिची तपासणी झाली होती का, असा प्रश्न केला. दोन्ही बाजूंनी वाद झाला. असा वाद मिटवू शकणारा पुरावा म्हणजे त्या वनस्पतीचा जपून ठेवलेला नमुना. म्हणून पाने तोडण्याआधी फांदी फुलाफळासह दाबून वाळवा, कागदावर चिकटवा, गाव, तारीख, जमीन आणि तोडणाऱ्याचे नाव लिहा, आणि तो नमुना ओळख पटवण्यासाठी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्राकडे द्या. नमुन्याला मिळालेला क्रमांक तुमच्या प्रबंधात शेवटपर्यंत राहिला पाहिजे. कोणत्या महिन्यात पाने तोडली हेही लिहा. जुलैतले कोवळे पान आणि मार्चमधले जून पान यांतली रसायने सारखी असतील असे गृहीत धरता येत नाही.

पाने धुऊन सावलीत वाळवायची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा गच्चीवर पत्र्याखाली ठेवलेले पान वाळत नाही, भाजते, आणि उडून जाणारी द्रव्ये उडून जातात. खेळती हवा असलेली खोली बघा. वाळलेली पाने दळून चाळायची आणि भरड सोक्सलेट या अर्क काढण्याच्या उपकरणात भरायची. आधी पेट्रोलियम ईथर, मग क्लोरोफॉर्म, इथिल अॅसिटेट, मेथॅनॉल आणि शेवटी पाणी, अशा ध्रुवीयतेच्या चढत्या क्रमाने अर्क काढले की तेलकट द्रव्ये एकीकडे आणि पाण्यात विरघळणारी दुसरीकडे होतात. द्रावक उडवून उरलेल्या गडद चिकट अर्काचे वजन करा. शंभर ग्रॅम भरडीतून किती ग्रॅम अर्क आला, हा आकडा बरेच जण लिहीत नाहीत. पुढे तोच आकडा सर्वांत जास्त कामाला येतो.

मग प्लेट. छोट्या छोट्या ९६ खळग्यांची ती प्लॅस्टिकची प्लेट हातात घेतली की विषयाची गोडी लागते, हे मी कित्येकांच्या बाबतीत पाहिले आहे. प्रत्येक खळग्यात पाच ते दहा हजार पेशी, त्यांना पोसणारे गुलाबी माध्यम, ३७ अंश तापमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशी रात्रभरात तळाला चिकटतात. दुसऱ्या दिवशी अर्क वेगवेगळ्या मात्रांत घालायचा. काही खळग्यांत नुसते माध्यम, काहींत अर्क विरघळवायला वापरलेले डीएमएसओ तेवढ्याच प्रमाणात, काहींत डॉक्सोरुबिसिनसारखे माहितीचे औषध. कडेचे खळगे रिकामे सोडून त्यांत फक्त पाणी भरा. इनक्युबेटरमध्ये दोन-तीन दिवस राहिलेल्या प्लेटच्या कडा आधी सुकतात, तिथले माध्यम घट्ट होते, आणि अर्काने न मेलेल्या पेशी कडेने मेल्या म्हणून नोंदल्या जातात. त्यानंतर टिम मोसमन यांनी १९८३ साली मांडलेली एमटीटी चाचणी. पिवळे द्रावण घातले की जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. काही तासांनी प्लेट उजेडात धरली तर एका टोकाला गर्द जांभळा रंग आणि मात्रा वाढत जाईल तसतसा दुसऱ्या टोकाला फिका पडत गेलेला रंग डोळ्यांनाच दिसतो. यंत्र तो रंग मोजते, आणि ज्या मात्रेला पेशींची संख्या निम्म्यावर येते तो आकडा आपण लिहितो.

पानांच्या अर्कांच्या बाबतीत मात्र हीच चाचणी फसवू शकते, आणि कशी फसवते हे रसायनाने समजून घेण्यासारखे आहे. पिवळ्याचे जांभळे होणे म्हणजे क्षपण. पानांतली पॉलिफेनॉल द्रव्ये ते क्षपण पेशींशिवायही करतात. म्हणून ज्या खळग्यांत पेशीच नाहीत अशा खळग्यांतही अर्क घालून रंग पाहावा लागतो. नाहीतर मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. उलट बाजूही आहे. जांभळा रंग मोठ्या प्रमाणात पेशींच्या मायटोकाँड्रियातल्या उलाढालीवर अवलंबून असतो. सीताफळ कुळातल्या पानांत आणि बियांत अॅसिटोजेनिन नावाची द्रव्ये असतात आणि ती मायटोकाँड्रियातली ऊर्जेची साखळी पहिल्याच टप्प्यावर अडवतात. त्यामुळे एमटीटीत सीताफळाचा अर्क फार प्रभावी दिसतो. तो प्रभाव खोटा नाही, पण तो कर्करोगाच्या पेशी निवडून मारतो असा त्याचा अर्थ होत नाही. सीताफळाचे भाऊबंद असलेले मामफळ कर्करोगावर म्हणून आज सर्रास विकले जाते. त्याच फळाचा आणि पानांच्या काढ्याचा नियमित वापर असलेल्या कॅरिबियन बेटांवर पार्किन्सनसारख्या मज्जाविकाराचे रुग्ण जास्त आढळल्याचे १९९९ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येत आहे. मेंदूच्या पेशींनाही मायटोकाँड्रिया असतात.

टॅनिनने भरलेले अर्क प्रथिनांना चिकटतात आणि माध्यमातली पोषक प्रथिनेच गोळा करून टाकतात. रिठ्यासारख्या वनस्पतींतली सॅपोनिने पेशीचे आवरणच विरघळवतात, आणि ती रक्तातल्या तांबड्या पेशींचेही तेच करतात. अर्क कोणत्या मार्गाने पेशी मारतो आहे, हे विचारायला हवे ते यासाठी. पेशी स्वतःची मोडणी शिस्तीत करून मेली की आवरण फुटून मेली, हे तपासायच्या पद्धती आता आपल्या जिल्ह्यातही करता येतात. त्याच प्लेटवर निरोगी पेशी ठेवणे तर कुणालाही जमते. ज्या अर्काने तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी आणि हिरडीतल्या निरोगी पेशी सारख्याच मात्रेला मारल्या, तो अर्क विष आहे. विष असणे हा अपराध नाही, व्हिन्क्रिस्टिनही विषच आहे. पण प्रबंधाच्या शीर्षकात कर्करोगविरोधी लिहिण्याआधी ही तुलना हवी.

आपल्या हातात कोणत्या पेशी आहेत, हा प्रश्नही वरवर दिसतो तितका सोपा नाही. १९५०च्या दशकात एका रुग्णाच्या तोंडाच्या कर्करोगातून केबी नावाची सेल लाइन तयार झाली, आणि तोंडाच्या कर्करोगावरच्या शेकडो निबंधांत ती वापरली गेली. पुढे जनुकीय तपासणीत त्या पेशी हेला निघाल्या. प्रयोगशाळेत कधीतरी हेलाचे चार थेंब मिसळले आणि जोमाने वाढणाऱ्या हेलाने मूळ पेशींना मागे टाकले. घशाच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या हेप-२ पेशींचीही हीच कथा. खर्ऱ्याच्या जिल्ह्यात तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्याने केबीवरचा निष्कर्ष तोंडाच्या कर्करोगावरचा म्हणून लिहिला, तर तो गर्भाशयमुखाच्या पेशींवरचा निष्कर्ष लिहीत असतो. पेशी मान्यताप्राप्त भांडारातून घ्या, त्यांचे जनुकीय ओळखपत्र मागा, मायकोप्लाझ्मा या जंतूंची तपासणी करा, आणि वीस-तीस वेळा उपसंवर्धन झालेल्या पेशी शेजारच्या प्रयोगशाळेतून उसन्या आणू नका.

ज्यांच्याकडे स्वतःची पेशी-प्रयोगशाळा नाही, त्यांनी नाउमेद व्हायचे कारण नाही. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील अॅक्ट्रेक संस्थेत कर्करोगविरोधी औषधांच्या प्राथमिक चाचणीची सोय आहे, आणि महाराष्ट्रातल्या छोट्या गावांतल्या कितीतरी महाविद्यालयांचे अर्क तिथे तपासले गेले आहेत. तिथे एसआरबी ही चाचणी वापरतात. तिच्यात पेशी स्थिर करून त्यांतल्या प्रथिनांना गुलाबी रंग चढवतात. मायटोकाँड्रियाच्या उलाढालीवर ती अवलंबून नसते. अर्कासाठी तिथला निकष कडक आहे. मिलीलिटरला २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत वाढ निम्मी झाली तरच अर्क सक्रिय म्हणायचा, आणि शुद्ध द्रव्यासाठी १०.

या निकषाचे मोल एका हिशेबाने कळेल, आणि हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या अर्कासाठी वहीत मांडावा असा माझा आग्रह आहे. समजा तुमच्या अर्काने मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम मात्रेला निम्म्या पेशी मारल्या. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ४० लिटर पाणी असते. त्या सगळ्या पाण्यात ही मात्रा गाठायची तर ४ ग्रॅम अर्क लागतो. शंभर ग्रॅम भरडीतून १० ग्रॅम अर्क निघत असेल, तर तो ४० ग्रॅम वाळलेल्या पानांतून येतो. इथवर ठीक वाटते. पण हा हिशेब असे धरून चालतो की अर्कातला कण न् कण आतड्यातून शोषला गेला, यकृताने त्यातले काहीच मोडले नाही, मूत्रपिंडाने काहीच बाहेर टाकले नाही, आणि प्लेटवर जसा अर्क ४८ तास पेशींशेजारी बसून होता तसाच शरीरातही बसून राहिला. शरीरात यातले काहीच घडत नाही. म्हणून मिलीलिटरला ५०० मायक्रोग्रॅमला पेशी मेल्या, हा निष्कर्ष लिहावा जरूर, पण त्याला सक्रिय म्हणू नये.

आपल्या जिल्ह्यातच याचे एक मोठे उदाहरण उगवते. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात कुरकुमिनचे प्रमाण चांगले असते, रंग गडद असतो, आणि शेतकऱ्यांना तिचा अभिमान आहे तो रास्त आहे. हळद पान नव्हे, कंद आहे. पण कुरकुमिनइतके द्रव्य कर्करोगाच्या पेशींवर क्वचितच कुणी इतक्या वेळा तपासले असेल. जवळजवळ प्रत्येक सेल लाइनवर ते काम करताना दिसले. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र हाती फार थोडे लागले. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रातल्या एका सविस्तर आढाव्यात कारणे एकत्र मांडली गेली. कुरकुमिन आतड्यातून नीट शोषले जात नाही, माध्यमात भराभर मोडते, अनेक प्रथिनांना उगाच चिकटते, आणि स्वतःच्या रंगाने व चमकेने मोजणीच्या यंत्रांना गोंधळात टाकते. वायगावच्या हळदीची प्रत यामुळे कमी होत नाही. ती भाजीत, लोणच्यात आणि जखमेवर आहे तिथेच आहे. पण प्लेटवर सगळीकडे यश देणारे द्रव्य सापडले, की आनंदाआधी संशय यायला हवा, हे कुरकुमिनने शिकवले.

उलट दिशेचे उदाहरणही महाराष्ट्राचेच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० पासून पुढे वीस-बावीस वर्षे सुमारे ३५,००० वनस्पती-प्रजातींचे लाखाहून अधिक अर्क तपासले. १९६२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून आलेल्या यू वृक्षाच्या सालीचा अर्क पेशींवर प्रभावी ठरला. मजेची गोष्ट अशी की त्या पेशी केबीच होत्या. त्या अर्कातून नेमके द्रव्य वेगळे करून मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. ते टॅक्सॉल. मनसुख वाणींचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचे. त्याआधी १९६६ साली याच दोघांच्या गटाने एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन शोधले होते. १९७२ साली मुंबईत गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडले. टॅक्सॉल रचना कळल्यावर एकवीस वर्षांनी, १९९२ साली, अंडाशयाच्या कर्करोगासाठी औषध म्हणून मंजूर झाले.

सालीच्या अर्कापासून टॅक्सॉलपर्यंतचे पाऊल कसे पडले, ते विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा पेशींवर तपासायचा, जो भाग प्रभावी त्याचे पुन्हा भाग पाडायचे, आणि शुद्ध द्रव्य हाती येईपर्यंत हे करत राहायचे. आपल्याकडचे बहुतेक काम पहिल्याच अर्कापाशी थांबते. पहिला अर्क, एक सेल लाइन, एक आकडा, एक निबंध. मग पुढचे झाड. माझ्या मते वर्ध्यात दहा झाडांवर एकेक निबंध लिहिण्यापेक्षा एकाच झाडावर दहा वर्षे काम करणारा एक गट तयार झाला, तर जिल्ह्याचे आणि विषयाचे दोघांचेही भले होईल. नरक्याचे पुढे काय झाले तेही आठवावे. मागणी वाढली आणि सह्याद्रीत त्याची बेसुमार तोड झाली. म्हणून पानांवर काम करणे मला अधिक आवडते; पान तोडले तर झाड उरते.

तरीही परवानगी लागते. बोर व्याघ्र प्रकल्पातून वनखात्याच्या संमतीशिवाय काही उचलता येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावांना जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकांची जैवविविधता नोंदवही दिली आहे, आणि राज्याचे जैवविविधता मंडळ तर आपल्या शेजारीच, नागपुरात आहे. ज्या आजीने निरगुडीचा किंवा तरोट्याचा उपयोग सांगितला, तिचे गाव त्या नोंदवहीत आहे का, ते आधी पाहा. निष्कर्ष हाती आल्यावर गावात परत जाऊन तो तिच्या भाषेत सांगा. जमैकाच्या त्या रुग्णांना त्यांच्या चहातून काय निघाले हे कुणी सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

गांधीजींनी १९२५ साली, वर्ध्यात राहायला येण्याच्या कितीतरी आधी, कलकत्त्याच्या अष्टांग आयुर्वेद विद्यालयात बोलताना वैद्यांवर कडक टीका केली होती. अवास्तव दाव्यांच्या औषधांच्या जाहिराती आणि नव्या संशोधनाचा अभाव, या दोन गोष्टी त्यांना खुपत होत्या. अनेक वैद्य दुखावले, पण गांधीजींनी शब्द मागे घेतला नाही. आज ती जाहिरात मोबाइलवर येते आणि तिच्यात अनेकदा आपल्यासारख्याच कुठल्या तरी प्रयोगशाळेच्या निबंधाचा हवाला असतो. शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा तोंडाचा व्रण घेऊन आलेला माणूस काढा पिऊन सहा महिने थांबतो आणि परत येतो तेव्हा जबडा उघडत नाही. हे वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आपल्या निबंधाच्या शेवटच्या ओळीत आपण काय लिहितो, याचा त्या माणसाशी थेट संबंध आहे. म्हणून ‘या वनस्पतीचा कर्करोगाच्या उपचारात उपयोग होऊ शकतो’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या प्रबंधातून मी काढायला लावतो आणि त्याजागी कोणत्या पेशी, किती मात्रा, किती तास, निरोगी पेशींचे काय झाले, एवढेच लिहायला सांगतो. वर्तमानपत्राचा प्रतिनिधी आला तर त्यालाही एवढेच सांगावे, आणि उपचार चालू असलेल्या रुग्णाने कुठलाही काढा घेण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारावे, हे वाक्य छापूनच यायला हवे असे त्याला बजावावे.

नव्याने येणाऱ्यांना एक काम मी आजच सुचवतो, कारण त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ज्या अर्कांनी काहीच केले नाही, त्यांची नोंद जिल्ह्यात कुठेही एकत्र नाही. बोरगावला कडुलिंबाच्या पानांचा पाण्यातला अर्क निष्क्रिय ठरला, हे सावंगीच्या विद्यार्थ्याला कळत नाही, आणि तो पुढच्या वर्षी तीच पाने तोडतो. सेवाग्राम, सावंगी, सालोड आणि बोरगाव यांनी मिळून एक साधी नोंदवही ठेवावी. तिच्यात वनस्पतीचे शास्त्रीय नाव, नमुन्याचा क्रमांक, तोडण्याचे गाव आणि महिना, द्रावक, अर्काचे प्रमाण, सेल लाइन, चाचणी आणि आकडा लिहावा, आणि जिथे काही घडले नाही तिथे काही घडले नाही असे स्पष्ट लिहावे. पहिले पान पुढच्या पावसाळ्यात, तरोट्याने भरता येईल.